जुन्या जीप-जिप्सीचे ॲक्सल आणि गिअर रेशो बदलण्यापूर्वीची तयारी

ॲक्सल बदलण्याच्या कामाची तयारी कागदावर सुरू करावी आणि पहिल्या ओळीत गाडी नेमकी कशासाठी वापरायची आहे ते लिहावे. नाशिकहून महामार्गाने वरचेवर मुंबईला जाणारी जुनी जीप आणि पावसाळ्यात हरसूल-पेठकडच्या चिखलातून शेतावर जाणारी जीप, या दोघींना एकच रेशो मानवत नाही. जुन्या सीजे ३बी जीपचा ॲक्सल रेशो ५.३८ आहे, म्हणजे इंजिनाची गती ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. टायरचा व्यास सुमारे ७२ सेंटिमीटर धरला आणि टॉप गिअर एकास एक असला, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे ३,१७० फेरे घेते. ४.८८ चा ॲक्सल बसवला तर हा आकडा २,८८० च्या आसपास येतो आणि ३.७३ चा बसवला तर २,२०० वर उतरतो. महामार्गावर इंजिनाचा आवाज आणि ताण कमी होतो तो एवढ्यामुळेच.

दुसऱ्या ओळीत या सुखाची किंमत लिहावी. टी-९० या तीन गिअरच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर सुमारे २.८ आणि डाना १८ ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला गती वाटणाऱ्या पेटीचा) लो रेशो २.४६ असतो. ५.३८ च्या ॲक्सलसह या तिघांचा गुणाकार ३७ येतो, ४.८८ ला तो साडेतेहतीसच्या आसपास राहतो आणि ३.७३ ला पंचविसाच्या थोडा पुढे थांबतो. डोंगराच्या दगडगोट्यांच्या उतारावर ब्रेकवर पाय न ठेवता गाडी धरून ठेवण्याची क्षमता या गुणाकारात असते, आणि ती एक तृतीयांशाने कमी झाली तर गाडीचा स्वभावच बदलतो. शिवाय जुने, कमी ताकदीचे इंजिन ३.७३ च्या ॲक्सलवर कसारा घाटाची चढण टॉप गिअरमध्ये ओढू शकत नाही, म्हणजे सपाटीवर मिळवलेले घाटात परत द्यावे लागते. रस्ता आणि डोंगर असा दोन्हीकडे वापर असेल, तर मूळ इंजिन व गिअरबॉक्स असलेल्या जीपला ४.८८ च्या पुढे नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

जिप्सीचे गणित उलट दिशेने चालते, कारण तिथे रेशो बदलण्याची गरज बहुधा मोठ्या टायरमुळे निर्माण होते. जिप्सी किंगला मूळचे २०५/७० आर १५ टायर असून त्यांचा व्यास ६६८ मिलिमीटर भरतो. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास ७३३ मिलिमीटरच्या थोडा वर जातो, म्हणजे जवळजवळ दहा टक्के वाढतो. किंगचा ३.७३ चा रेशो या टायरवर ३.४० सारखा वागू लागतो आणि चढावर गाडी दमते. जुन्या ९७० सीसीच्या जिप्सीतील ४.११ चे क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली रेशो ठरवणारी दातेरी चाकांची जोडी) बसवले की हिशेब पुन्हा ३.७४ वर येतो. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून निघत असल्यामुळे टायरने बिघडवलेला काटाही या बदलाने आपोआप जागेवर येतो. जीपमध्ये मात्र टायर तेच ठेवून ५.३८ चे ४.८८ केले, तर काटा ६० दाखवत असताना गाडी ६६ ने धावत असते. त्यासाठी स्पीडोमीटरचा गिअर बदलण्याची नोंद यादीत आधीच करून ठेवावी.

यानंतर दोन्ही गाड्यांचा, म्हणजे आपल्या आणि जिचे ॲक्सल घ्यायचे तिचा, खरा रेशो मोजावा. विकणाऱ्याच्या सांगण्यावर किंवा मॉडेलच्या नावावर विसंबू नये, कारण तीस-चाळीस वर्षांच्या गाडीत मधल्या काळात कोणी काय बसवले हे नाव सांगत नाही. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाकावी, हँडब्रेक सोडावा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावावेत आणि ज्या ॲक्सलचा रेशो मोजायचा त्याचे एकच चाक उचलून ते हाताने वीस वेळा फिरवावे. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे तेवढ्यात क्राउनचे दहाच फेरे होतात, म्हणून शाफ्टचे फेरे मोजून त्यांना दहाने भागले की रेशो मिळतो: ५.३८ ला शाफ्ट पावणेचोपन्न फेरे घेतो आणि ४.८८ ला पावणेएकोणपन्नास. एकाच फेऱ्यावर थांबले तर ४.१० आणि ४.२७ यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. पुढच्या ॲक्सलचे मोजमाप करताना फ्री-व्हील हब (पुढची चाके शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर ते लॉक करून घ्यावेत. डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) उघडता आले तर दात मोजणे सर्वांत पक्के. क्राउनचे ४३ आणि पिनियनचे ८ दात म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ३७ आणि ९ म्हणजे ४.११, ४१ आणि ११ म्हणजे ३.७३.

पुढचा आणि मागचा रेशो सारखा असल्याची खात्री झाल्याशिवाय विसार देऊ नये. फक्त मागचा ॲक्सल स्वस्तात मिळतो आहे म्हणून तो घेऊन ठेवायचा आणि पुढचा नंतर बघू म्हणायचे, ही पद्धत फोर-बाय-फोर गाडीसाठी घातक आहे. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ अशी गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये निमूट चालते. पण फोर-व्हील लावताच दोन्ही ॲक्सल एकमेकांविरुद्ध दहा टक्क्यांनी ओढू लागतात, शाफ्टमध्ये पीळ भरत जातो, ट्रान्सफरचा लिव्हर अडकतो आणि शेवटी शाफ्टचा क्रॉस (सांधा) किंवा ट्रान्सफर केसमधला गिअर तुटतो. चिखलात चाके घसरून हा पीळ काही काळ सुटत राहतो, त्यामुळे दोष लगेच लक्षात येत नाही; डांबरावर तो काही मीटरांत समजतो. पुढच्या-मागच्या रेशोत शेकडा एकाहून कमी फरक असेल तरच तो खपतो.

ॲक्सल पूर्ण बदलायचा की फक्त आतले गिअर, हा निर्णय हाउसिंगच्या बांधणीवर सोडावा. जिप्सीचा डिफरन्शियल अख्खा गोळाच बोल्ट सोडून बाहेर निघतो, त्यामुळे मूळ हाउसिंग, ब्रेक आणि कमानी जागच्या जागी ठेवून काम होते. फक्त ॲक्सल शाफ्टच्या स्प्लाइनची (टोकावरच्या खाचांची) संख्या नव्या गोळ्याशी जुळते का हे आधी मोजावे, आणि पुढचा गोळा मागे बसेल असे गृहीत धरू नये. पूर्ण ॲक्सल घ्यायचा असेल तर रुंदी मोजावी, कारण जुन्या अरुंद जिप्सीचा ॲक्सल नंतरच्या रुंद जिप्सीखाली बसवला तर चाके आत जातात. जीपच्या डाना जातीच्या ॲक्सलमध्ये गिअर हाउसिंगच्या आतच शिम (पातळ चकत्या) घालून बसवलेले असतात. ते बदलणे हे निष्णात मिस्त्रीचे आणि डायल गेजचे काम आहे, म्हणून जीपसाठी सुस्थितीतला संपूर्ण ॲक्सल मिळत असेल तर तोच घ्यावा. गिअरच बदलायचे ठरले तर हेही तपासावे की डाना ४४ मध्ये ३.७३ व त्याखालच्या रेशोचा केस (क्राउन ज्यावर बोल्टने बसतो तो भाग) वेगळा आणि ३.९२ व त्यावरच्या रेशोचा वेगळा असतो, ३.७३ च्या केसवर ४.८८ चा क्राउन बोल्टने बसतो, पण पिनियनपर्यंत पोहोचत नाही. क्राउन आणि पिनियन ही जन्माची जोडी असते आणि दोन्हींवर जुळणारा क्रमांक कोरलेला असतो, तेव्हा वेगवेगळ्या जोड्यांतले नग कितीही नवे दिसले तरी एकत्र करू नयेत.

मोजमापांची वही गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच भरावी. दोन कमानींच्या मध्यांमधले अंतर, हब ते हब रुंदी, हाउसिंगच्या नळीचा बाहेरचा व्यास, डिफरन्शियलचा गोळा मध्यापासून किती आणि कोणत्या बाजूला सरकलेला आहे, फ्लँजपासून फ्लँजपर्यंत प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि पिनियनचा कोन हे सर्व आपल्या आणि नव्या अशा दोन्ही ॲक्सलचे लिहावे. विलीज (जीपची मूळ अमेरिकी कंपनी) कुळातील जीपमध्ये गोळा उजवीकडे असतो, कारण ट्रान्सफर केसचे तोंड त्या बाजूला आहे. मध्यभागी गोळा असलेला ॲक्सल तिथे घातला तर शाफ्ट तिरका चालतो आणि क्रॉस लवकर जातात. चाकांच्या पाच बोल्टांचे वर्तुळ जीप आणि जिप्सी या दोघींतही १३९.७ मिलिमीटरच आहे, त्यामुळे रिम अदलाबदल करता येईल असे वाटते, परंतु मधल्या भोकाचा व्यास आणि ड्रमला लागणारी मोकळी जागा तपासल्याशिवाय तसे करू नये. जुन्या विलीज कुळातील जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. ते न ओळखता लांब पाना लावून जोर केला की बोल्ट तुटतो.

ब्रेकची तयारी अनेक जण ॲक्सल बसल्यावर करतात आणि मग गाडी आठवडाभर घोड्यांवर उभी राहते. नव्या ॲक्सलचे व्हील सिलिंडर कोणत्या मापाचे आहेत, रबरी नळीचे आटे जुळतात का आणि मास्टर सिलिंडर त्यांना पुरेल का हे आधी पाहावे. जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या ड्रमवर असतो; नव्या ॲक्सलमध्ये तो मागच्या चाकांत असेल, तर केबल आणि तिचा मार्ग यादीत यायला हवा. जुन्या जीपच्या मागच्या ॲक्सल शाफ्टचे टोक निमुळते असून हब त्यावर चावीने घट्ट बसलेला असतो, म्हणून दणकट पुलर आधीच मिळवून ठेवावा. हातोड्याने हब काढू नये.

सामान आणताना बेअरिंग व ऑइल सील जुन्यावरचा क्रमांक वाचून घ्यावेत आणि यू-बोल्ट नेहमी नवे घ्यावेत, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढा ताण धरत नाही. लेथवरचे काम, शाफ्ट कमीजास्त करून त्याचे बॅलन्सिंग, फ्लँजला भोके पाडणे, हे सारे सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत होऊ शकते. महिंद्राचा कारखाना सातपूरला आणि इंजिनांचा इगतपुरीला असल्यामुळे या भागात जीपचे अंतरंग ओळखणारी माणसे आहेत, आणि अशा जाणकाराचा एक तास ही यादीतली सर्वांत मोलाची बाब आहे. डिफरन्शियलसाठी जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल घ्यावे. तेच तेल पितळी सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्समध्ये ओतू नये.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे व्हीलबेस किंवा रुंदी बदलणारे काम हाती घेण्याआधी पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात विचारणा करावी, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि ॲक्सल विकणाऱ्याकडून त्याच्या गाडीच्या क्रमांकासह पावती घ्यावी. पंधरा वर्षांपुढील गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा गाडी तपासणीला जाते हेही ध्यानात ठेवावे.

कामाचा मुहूर्त पावसाळ्याच्या बऱ्याच आधी, शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये धरावा. कमानीची बैठक वेल्ड करायची असेल तर आधी फक्त टाके मारावेत, गाडी चाकांवर उतरवून पिनियनचा कोन पाहावा आणि मगच डावी-उजवी बाजू आलटून-पालटून थोडे थोडे वेल्ड करावे. सलग वेल्ड केल्यास नळी वाकते. बॅटरीची वायर काढून ठेवावी आणि वेल्डिंगची अर्थ ॲक्सलवरच लावावी, म्हणजे विद्युतप्रवाह बेअरिंगमधून जाणार नाही. गिअर नव्याने बसवले असतील तर दातांना रंग लावून खूण तपासावी आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मॅन्युअलप्रमाणे ठेवावा. डाना ४४ साठी तो साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो.

पहिली फेरी गंगापूर रोडने गिरणाऱ्याच्या दिशेने, सावकाश आणि फक्त टू-व्हील ड्राइव्हमध्ये घ्यावी. मध्ये थांबून दोन्ही हब आणि डिफरन्शियलवर हात ठेवून पाहावा. हात टेकवत नसेल तर पुढे जाऊ नये. घरी आल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, नंतर मऊ मातीच्या रस्त्यावर फोर-व्हील लावून लिव्हर सहज निघतो का ते पाहावे, आणि नव्या गिअरचे तेल पहिल्या ५०० किलोमीटरनंतर बदलून त्यात धातूचा चुरा किती उतरला आहे ते तपासावे.