हार घाला, पण रडार सोडून

इंदुरात नवी गाडी आधी खजराण्याच्या गणपतीला जाते, आणि दसऱ्याला तर जुन्या गाडीलाही झेंडूचा हार चढतोच. खुशाल चढवा. फक्त एडास (रडार-कॅमेऱ्याने चालकाला मदत करणारी यंत्रणा) असलेल्या बऱ्याच गाड्यांत पुढचं रडार लोगोमागे किंवा बंपरच्या जाळीत दडलेलं असतं. त्यावर हार लोंबला की ‘सेन्सर ब्लॉक’चा मेसेज येतो आणि अडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत आपोआप वेग सांभाळणारी सोय) बंद. पुढे पार्किंग सेन्सर असतील तर ते झेंडूलाच भिंत समजून कोकलत बसतात! हार बॉनेटवर वरच्या वर आवळून बांधा, पूजा झाली की काढा. स्वस्तिकही बॉनेटवरच, लोगोवर नको. आतल्या आरशामागच्या काचेवर स्टिकर चिकटवू नका, तिथे कॅमेरा असतो.

रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, गुलाल कोरड्या फडक्याने पुसायचा नाही. लेन्सवर चरे पडतात. आधी पाणी, मग मऊ कापड. मागचा कॅमेरा हमखास राहून जातो.

बायपासवर स्टेअरिंग आपोआप खेचलं जातं ही तक्रार बहुतेक वेळा इंडिकेटर न देण्याची असते. इंडिकेटर दिला की लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवणारी सोय) सहसा गप्प राहतं. तरी जाच वाटला तर सेटिंगमध्ये तेवढंच बंद करा, आपोआप लागणाऱ्या आपत्कालीन ब्रेकच्या सेटिंगला हात लावू नका.

आणि पुढची काच बदलली, तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन झाल्याची नोंद बिलावर मागून घ्या.