स्वस्तातली विंडोज की: घेण्याआधी, टाकताना आणि अडकल्यावर

मामेभावाच्या लॅपटॉपवर उजवीकडे खाली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी पुसट अक्षरं उमटली, तेव्हा विंडोजची की, म्हणजे ते ॲक्टिव्हेट करणारा पंचवीस अक्षरी कोड, विकत घेऊन सहा महिने उलटले होते. घेतल्या दिवशी सगळं सुरळीत झालं होतं. पंचवीस अक्षरं टाकली, हिरवी खूण आली, खूश होऊन त्याने विक्रेत्याला पाच तारेही देऊन टाकले. सहा महिन्यांनी तक्रार करायला गेलो, तर त्या ऑनलाइन दुकानाचं पानच गायब.

की लागली की लायसन्स मिळालं, असं आपण धरून चालतो. पण किल्ली कुलपाला लागली म्हणून घर नावावर होत नाही. स्वस्त की घेताना फसगत होते ती बहुतेक वेळा इथेच. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये की टाकायच्या कृतीपेक्षा तिच्या आधीची आणि नंतरची तपासणीच जास्त आहे.

पहिली पायरी: की लागणार आहे का, ते बघा

सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘ॲक्टिव्हेशन’ उघडा. (विंडोज १० मध्ये हेच ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली सापडतं.) तिथे ‘डिजिटल लायसन्स’ने (म्हणजे यंत्राशीच जोडलेल्या परवान्याने) ॲक्टिव्हेट झाल्याचं दिसलं तर पैसे खिशातच राहू द्या. फॉरमॅट मारायचा म्हणून नवी की शोधणारे लोक मी बरेच पाहिलेत. विंडोज ८ पासून बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपमध्ये की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डावरच कायम बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) साठवलेली असते. इन्स्टॉल करताना विंडोज ती आपली आपण वाचतं. विचारलंच, तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय निवडा, आधीचीच एडिशन (होम, प्रो वगैरे) टाका आणि इंटरनेट जोडा. इन्स्टॉलेशनची फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळते, त्यामुळे ‘की आणि सोबत डाउनलोड लिंक’ असल्या जोड-ऑफरला भुलायचं कारण नाही.

घरातली विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की नव्या विंडोजला लावायची सोय बरीच वर्षं चालली. ती सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. तेव्हा जुन्या यंत्रावरच्या कीच्या स्टिकरच्या भरवशावर राहू नका.

दुसरी पायरी: कोणत्या जातीची की आहे, ते विचारा

विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा: की रिटेल आहे, ओईएम आहे की व्हॉल्यूम?

रिटेल की एका वेळी एकाच यंत्रावर चालते. जुन्यावरून काढून नव्यावर नेता येते. ओईएम, म्हणजे यंत्र बनवणाऱ्या कंपनीने दिलेली, की ज्या यंत्रासोबत आली त्याच्याच मदरबोर्डला बांधलेली असते. बोर्ड बदलला की ती गेली असंच समजा.

खरा घोळ व्हॉल्यूममध्ये आहे. या की कंपन्या, विद्यापीठं अशा मोठ्या संस्थांना दिल्या जातात आणि त्यांचे दोन प्रकार असतात. ‘एमएके’ म्हणजे एकच की ठरावीक संख्येने यंत्रांवर चालवायची. ती कुठून तरी बाहेर पडते, शंभर जणांना विकली जाते, आकडा संपला की शंभर-एकावा माणूस अडकतो. संस्थेने तक्रार केली किंवा मायक्रोसॉफ्टने की ब्लॉक केली, तर आधीचे शंभरही धोक्यात येतात. दुसरा प्रकार ‘केएमएस’. यात संस्थेचा स्वतःचा एक सर्व्हर असतो आणि तो तिच्या यंत्रांना १८० दिवसांपुरतं ॲक्टिव्हेशन देतो. यंत्र दर सात दिवसांनी त्या सर्व्हरला हाक मारून मुदत वाढवून घेतं. सर्व्हर सापडेनासा झाला की उरलेले दिवस भरतात आणि ‘ॲक्टिव्हेट विंडोज’चा तो पुसट वॉटरमार्क उगवतो. गंमत म्हणजे केएमएससाठी यंत्रावर टाकायच्या की मायक्रोसॉफ्टने स्वतःच आपल्या साइटवर सगळ्यांसाठी छापून ठेवल्या आहेत. त्याच की पैसे घेऊन विकणारे महाभाग आहेत.

सगळ्याच स्वस्त की चोरीच्या असतात असं मात्र नाही. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूजडसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात कायमचं विकलेलं सॉफ्टवेअर लायसन्स पुढे विकायला मुभा दिली. पण विकणाऱ्याने स्वतःची प्रत वापरणं थांबवलं पाहिजे आणि अनेक वापरकर्त्यांसाठीच्या एका लायसन्सचे तुकडे करून उरलेले विकता येणार नाहीत, असंही त्याच निकालात आहे. तेव्हा ‘आमचं कायदेशीर आहे’ म्हणणाऱ्याला, आधीच्या मालकाने वापर थांबवल्याचा कागद मागून बघा. उत्तर टाळलं तर समजून जा.

तिसरी पायरी: पैसे देताना

कार्डाने किंवा जिथे तक्रार करून पैसे परत मागता येतात अशाच मार्गाने द्या. गिफ्ट कार्ड, क्रिप्टो, थेट खात्यावर ट्रान्सफर नको. परताव्याची मुदत किती आणि ती कधीपासून मोजायची हे वाचा, आणि विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ‘लाइफटाइम’ हा शब्द त्या स्क्रीनशॉटमध्ये असला तर पुढे भांडायला बरा पडतो. नेमकी एडिशनही आत्ताच जुळवा: ‘होम’, ‘होम सिंगल लँग्वेज’ आणि ‘प्रो’ ही तीन वेगळी प्रकरणं आहेत आणि एकाची की दुसऱ्याला लागत नाही. होमवरून प्रोवर जायला प्रोची की चालते, कारण तिथे एडिशनच बदलते.

चौथी पायरी: की टाकताना

शक्यतो कॉपी-पेस्ट करा. विक्रेत्याने स्टिकरचा फोटो पाठवला असेल तर डोळे ताणून वाचावं लागतं, पण एक सोय आहे. हल्लीच्या पंचवीस अक्षरी कीमध्ये शून्य, एक आणि पाच हे आकडे नसतात, इंग्रजी स्वरही नसतात. म्हणजे ‘हा ओ आहे की शून्य’ असा प्रश्न पडला तर दोन्ही चूक, बहुधा तो क्यू किंवा डी असेल. बी आणि आठ, जी आणि सहा यांत मात्र गडबड होतेच.

विक्रेता म्हणाला, ‘अँटिव्हायरस बंद करा आणि ही छोटी फाइल चालवा’, तर तिथेच थांबा. खऱ्या कीला फाइल लागत नाही. रिमोटने तुमच्या यंत्रात शिरून ‘करून देतो’ म्हणणाऱ्यालाही तेच उत्तर. फोनवरून ॲक्टिव्हेशन करताना पडद्यावर येणारा लांबलचक नंबर मागून घेऊन त्याच्या बदल्यात सहा-सहा आकड्यांचे आठ गट पाठवणारेही असतात. रिटेल की नुसती टाकून इंटरनेटवर चालायला हवी. ती तशी का चालत नाही, हे त्यांना विचारा.

पाचवी पायरी: पहिल्याच दिवशी जात तपासा

हिरवी खूण आल्यावर बहुतेक जण लॅपटॉप मिटतात. मामेभावानेही मिटला. त्याऐवजी कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि एस-एल-एम-जी-आर ही पाच इंग्रजी अक्षरं, मग एक जागा, मग उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून डी-एल-व्ही असं टाइप करा. एक खिडकी उघडेल. तिच्यात ‘डिस्क्रिप्शन’च्या ओळीत ‘रिटेल’, ‘ओईएम’ किंवा ‘व्हॉल्यूम’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ओईएम म्हणून घेतलेली की तिथे ‘व्हॉल्यूम’ दाखवत असेल तर तेवढा एक स्क्रीनशॉट परताव्याला पुरावा म्हणून पुष्कळ आहे.

मामेभावाच्या यंत्रावर ही खिडकी मी सहा महिने उशिरा उघडली. ‘व्हॉल्यूम केएमएस-क्लायंट’ अशी ओळ, आणि खाली कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरचं नाव. की घेतल्या दिवशी विक्रेत्याने दिलेली ‘छोटी फाइल’ याच कामाची होती. त्या दिवशी हीच खिडकी उघडली असती तर तिथे मुदत मिनिटांत लिहिलेली दिसली असती: २,५९,२०० मिनिटं, म्हणजे बरोबर १८० दिवस. मिनिटं नको असतील तर डी-एल-व्हीच्या जागी एक्स-पी-आर टाका. ॲक्टिव्हेशन कायमचं आहे की अमुक तारखेला संपणार, ते एका ओळीत कळतं.

सहावी पायरी: एरर आली तर

लांबलचक कोडची शेवटची चार अक्षरं बघा. ‘एफ०५०’ म्हणजे की चुकीची, बहुतेकदा टाइप करताना चुकलेली. ‘एफ२१०’ आलं तर एडिशन जुळत नाही. ‘सी००३’ म्हणजे की ब्लॉक झाली आहे, तिथे पुन्हा पुन्हा टाकून काही होणार नाही. ‘सी००८’ म्हणजे ही की परवानगीपेक्षा जास्त यंत्रांवर वापरली गेली, आणि ‘सी०२०’ म्हणजे एमएकेचा आकडा संपला. ‘एफ०७४’ म्हणजे यंत्र केएमएस सर्व्हर शोधतंय आणि तो सापडत नाहीये. घरच्या यंत्रावर ही शेवटची एरर आली की कीची जात वेगळी तपासायची गरजच उरत नाही.

‘७००१’ मात्र वेगळं. मदरबोर्ड वगैरे बदलल्यावर ही दिसते. तिथे ॲक्टिव्हेशनच्या पानावरचा ट्रबलशूटर (दोष शोधणारी सोय) चालवून ‘मी नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडा. डिजिटल लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असेल तर ते परत मिळू शकतं. ही जोडणी २०१६ पासून उपलब्ध आहे, आणि बोर्ड बदलायच्या आधीच केलेली बरी.

पैसे परत मागताना एररचा, डी-एल-व्हीच्या खिडकीचा आणि विक्रीच्या पानाचा, असे तीन स्क्रीनशॉट एकत्र पाठवा. विक्रेते सहसा दुसरी की देऊ करतात. ती त्याच पोतडीतली असते. घेऊ नका, पैसेच मागा. चालढकल सुरू झाली की मुदतीच्या आत कार्ड देणाऱ्या बँकेकडे जा.

मग यंत्र साफ करा. त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये तीच पाच अक्षरं, जागा, तिरकी रेघ आणि पुढे यू-पी-के टाकलं की बसवलेली की निघते, सी-के-एम-एस टाकलं की अनोळखी सर्व्हरचं नाव पुसलं जातं. मात्र विक्रेत्याची फाइल चालवली असेल तर एवढ्यावर भागवू नका. बॅकअप घ्या आणि विंडोज मुळापासून पुन्हा टाका.

मामेभावाचं आम्ही तेच केलं. इन्स्टॉलेशनने की मागितलीच नाही. लॅपटॉपच्या पोटात पहिल्यापासून होमची की होती, इंटरनेट जोडताच ती लागली. प्रो कशासाठी घेतलं होतंस, असं त्याला विचारलं. बराच वेळ विचार करून म्हणाला, “स्वस्त होतं म्हणून.”