आरएक्स १०० मध्ये १३५ चं इंजिन बसवण्याआधी

भाच्याने गेल्या रविवारी यामाहाची आरएक्स १०० दारात आणून उभी केली आणि तिच्यात आरएक्स १३५ चं इंजिन बसवायचं म्हणाला. तोंडी सांगितलं तर निम्मं विसरेल, म्हणून लिहून काढतोय. हेच काम मी एकदा केलंय आणि नवाकोरा बोअर-पिस्टन पंधरा किलोमीटरच्या आत घालवलाय. त्यामुळे सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ती पुढेही येत राहील: ऑइल पंपाची (टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं ऑइल आत ढकलणारा पंप) हवा काढल्याशिवाय किक मारायची नाही. बाकी चुका सुधारता येतात, ही येत नाही.

आता क्रमाने. पहिले कागद, कारण पोरं ते शेवटी ठेवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसीवर ९८ सीसी आणि खाली १३२ सीसी असताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय आरएक्स १०० बनायची थांबली १९९६ मध्ये. म्हणजे सगळ्यात शेवटच्या गाडीलाही पंधरा वर्षं कधीच उलटून गेली, आणि दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवायला ती नाशिकच्या पेठ रोडच्या आरटीओत तपासणीला न्यावीच लागते. तिथे इंजिन नंबर बघतात. म्हणून मोठं इंजिन मैदानासाठी, रस्त्यासाठी नाही. मी माझी छोटा हत्तीत टाकून नेतो. मूळ इंजिन विकायचं नाही. ग्रीस लावून, तोंडं बंद करून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवायचं. आणि जुनं १३५ घेताना ज्या गाडीचं ते इंजिन, तिच्या आरसीची झेरॉक्स आणि विकणाऱ्याचं सहीचं बिल घ्यायचं. स्वस्त मिळतंय म्हणून कागदाविना घेतलेलं इंजिन चोरीचं निघालं तर पोलीस ठाण्याच्या चकरा तुझ्या.

इंजिन निवडताना एवढं समजून घे की दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, सारखाच आहे, ५० मिमी. फरक बोअरचा, म्हणजे पिस्टन धावतो त्या भोकाच्या रुंदीचा: १०० ला ५० मिमी, १३५ ला ५८. तेवढ्या आठ मिलिमीटरने ९८ चे १३२ सीसी होतात, म्हणजे जवळपास पस्तीस टक्के वाढ. काही जण फक्त १३५ चा ब्लॉक आणून १०० च्या क्रँककेसचं (क्रँक फिरतो त्या खालच्या भागाचं) तोंड कापून वाढवतात. ते करू नकोस, पूर्ण इंजिन घे. घेताना आवाजावर विश्वास ठेवू नकोस, हेड आणि ब्लॉक काढायला लाव. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलव. उजव्या-डाव्या बाजूला थोडी हलली तर चालते, वर-खाली केसभरही हलता कामा नये. बोअर आधी किती वेळा वाढवलाय ते पिस्टनच्या माथ्यावरच्या आकड्यावरून कळतं. शेवटच्या मापाला आलेला असेल तर सोडून दे.

क्रँकची दोन्ही ऑइल सील बदलायची. चांगली दिसली तरी बदलायची. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेससुद्धा हवाबंद लागतो. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन तापून चिकटतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर थांबत नाही. दोन्ही सीलना मिळून जितका खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट एका बोअरिंगला येतो.

बोअरिंगसाठी अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत चांगले लेथवाले आहेत. पण आधी पिस्टन घ्यायचा, तो सोबत न्यायचा आणि त्याच्या मापाने बोअर करायला सांगायचं. उलटं केलंस तर फट जमत नाही. परत आणल्यावर पोर्टच्या, म्हणजे बोअरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा हाताने चाचपायच्या. धारदार लागल्या तर बारीक पॉलिश पेपरने मोडायच्या, नाहीतर रिंग त्यात अडकते. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. गजन पिनची (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) लॉकं नवीन. लॉक बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबायचं. लॉक आत पडलं तर अख्खं इंजिन पुन्हा उघडावं लागतं.

खोलण्याआधी मोबाइलवर फोटो, वायरींना चिकटपट्ट्या, नट-बोल्ट पुठ्ठ्यावर टोचून. हे सगळ्यांना माहीत असतं. पाने, पक्कड, मॅग्नेट काढायचा पुलर, झालं.

आता ते ऑइल पंपाचं.

मागच्या वेळी मी साइड पॅनलमागची ऑइलची टाकी गळ्यापर्यंत भरली होती. टाकी भरली की ऑइल इंजिनापर्यंत जाणारच, असं धरून चाललो. इंजिन तीन वर्षं कोरडं पडलेलं होतं, पंप रिकामा, नळी रिकामी, हे डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या किकला चालू झालं. आवाज गोड, धूर जवळजवळ नाहीच. जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकांची जुळवणी, नेमकं बसलं म्हणून मी खूश. टू-स्ट्रोक नव्याने चालू होते आणि धूर येत नाही, याचा अर्थ तिला ऑइल मिळत नाही, हे तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं. सातपूर ओलांडून त्र्यंबक रोडला लागलो. महिरावणीच्या अलीकडे, पन्नासच्या वेगात, कुणी मागून कॅरिअर धरून ओढावं तशी गाडी जड झाली आणि लगेच मागचं चाक जाम. क्लच दाबला गेला म्हणून वाचलो. कडेला घेऊन साइड पॅनल काढलं. टाकी भरलेली. पंपातून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पारदर्शक नळीत मात्र ऑइलच्या दोन थेंबांमध्ये बोटभर रिकामी जागा होती. घरी ब्लॉक उतरवला तर पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या अंगाला ॲल्युमिनियम फासल्यासारखं झालेलं, रिंग खाचेत रुतलेली आणि बोअरला नखाला लागतील असे उभे ओरखडे. हे सगळं ऑइल पंपात हवा होती म्हणून. टाकीत ऑइल होतं, हे पुन्हा लिहितो, टाकीत ऑइल होतं.

हवा काढायची ती अशी. पंपावरचं छोटं झाकण काढायचं. टाकी भरलेली, गाडी सरळ उभी. पंपाचा ब्लीड स्क्रू सैल करायचा, खाली फडकं धरायचं. ऑइल आधी बुडबुड्यांसकट येतं. बुडबुडे पूर्ण थांबून सलग धार येईपर्यंत हात लावायचा नाही. थंडीत ऑइल घट्ट असतं, वेळ लागतो, लागू दे. मग स्क्रू घट्ट, त्याखालचा वॉशर नवीन, कारण जुन्या वॉशरमधून पुन्हा हवा शिरते. हे झालं टाकीकडून पंपापर्यंत. पंपापासून पुढची नळी अजून रिकामीच असते, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. ती नळी आधीच सिरिंजने ऑइलने भरून जोडायची. इंजिन चालू झाल्यावर पंपाची केबल हाताने पूर्ण ओढून धरायची आणि हळू रेसवर दोन-तीन मिनिटं तसंच ठेवायचं. सायलेन्सरमधून दाट धूर आला की ऑइल पोहोचलं. धूर आला पाहिजे. त्यानंतर केबलचं ॲडजस्टमेंट: एक्सिलेटरची केबल पुढे दोन फाटे होऊन एक कार्बोरेटरला, एक पंपाला जाते. पंपाच्या पुलीवरची खूण आपल्या जागी येते का, ते बघायचं.

एवढं करूनही पहिल्या दोन लिटर पेट्रोलमध्ये लिटरमागे २५ मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचं ऑइल) हाताने कालवायचं. पंप चालत असेल तर धूर जास्त येईल आणि प्लग तेलकट होईल, बाकी काही नाही. पंप चालत नसेल तर हेच २५ मिली इंजिन वाचवतं. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, ते वेगळं भरायचं, त्याचा या ऑइलशी संबंध नाही.

कार्बोरेटर १३५ चाच, जेटसुद्धा त्याचेच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा टाकून सुरुवात कर आणि प्लगचा रंग बघून खाली ये. चॉकलेटी हवा, पांढरट दिसला की थांबायचं. जुन्या रबरी पेट्रोल नळ्या, कॉकचं पॅकिंग, फ्लोट बोलचं पॅकिंग, सगळं नवीन, कारण इथेनॉल जुनं रबर फुगवतं. रीड व्हॉल्व्हची (मिश्रण फक्त आत जाऊ देणारी झडप) पानं उजेडासमोर धरायची, फटीतून उजेड दिसला तर बदलायची. मॅग्नेट, कॉइल, सीडीआय (ठिणगी देणारा डबा) एकाच इंजिनाचं ठेवायचं, मिसळ करायची नाही. सायलेन्सरही १३५ चाच, कार्बन जाळून साफ केलेला.

चेनची ओळ दोरा ताणून बघ, मागचं-पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत हवं. चेनच्या लॉकचं तोंड चेन धावते त्याच्या उलट दिशेला. माउंटिंगचे बोल्ट आणि बुश नवीन.

ब्रेक विसरू नकोस. ड्रम तेच राहणार आणि ताकद वाढणार. लायनर नवीन, ड्रम घासून गोल, केबल नवीन. टायर आणि फोर्क ऑइलही बघ.

किक मारण्याआधी पंपाची हवा. मी आता किकलाच चिकटपट्टी गुंडाळून त्यावर ‘हवा काढली?’ असं लिहितो. पंपावरचा स्क्रू घट्ट केल्यावरच ती पट्टी फाडायची.

रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवणं, थोडक्यात. चालू कर, गरम होऊ दे, बंद कर, पूर्ण थंड होऊ दे, हेडचे नट आवळ, असं तीनदा. सकाळी थंडीत लगेच रेस द्यायची नाही, पिस्टन आधी फुगतो आणि लोखंडी स्लीव्ह मागून. अर्ध्या एक्सिलेटरच्या वर जायचं नाही, पण एकाच वेगात रेंगाळायचंही नाही. उतारावर एक्सिलेटर पूर्ण बंद करून इंजिन ब्रेकवर लांब उतरायचं नाही, तेव्हा ऑइल कमी जातं. मध्ये मध्ये थोडी रेस दे. पहिल्या अर्ध्या तासानंतर थांबून साइड पॅनल काढ आणि नळी उजेडात बघ. बुडबुडा दिसला तर इंजिन बंद, आणि गाडी ढकलत टेम्पोपर्यंत.