परदेशी जाताय? निम्मी कामं ठाण्यातच उरकून घ्या

दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन ताईकडे सिंगापूरला जाऊन आले, आम्हा तिघांचाही पहिलाच परदेश प्रवास. घरी बसून जे काम पाच मिनिटांत होतं तेच तिकडे अर्धा दिवस खातं हे चांगलंच कळलं, म्हणून लिहून ठेवतेय, कोणाला तरी उपयोग होईल.

आधी खाण्याचं, कारण आपल्या बॅगेत कपडे कमी नि डबे जास्त. आदल्या रात्री पाचपाखाडीच्या घरात हॉलमध्ये बॅगा पसरलेल्या, आईने ताईसाठी मुद्दाम केलेले अनारसे स्टीलच्या डब्यात रचलेले, वरून भरभरून खसखस. तेवढ्यात ताईचा फोन, डब्यात काय काय आहे विचारायला, आणि तेव्हा कळलं की सिंगापूरला खसखस परवानगीशिवाय नेता येत नाही, अफूच्या बोंडातली ना ती, तिथलं अमली पदार्थांचं खातं चालवून घेत नाही. दुबईलाही खसखशीला बंदीच आहे. आई एक अनारसा हातात घेऊन बोटाने खसखस झटकून बघत होती, पण तळताना रुतलेली ती, निघते कुठे. अख्खा डबा शेजारच्या काकूंकडे गेला, आईचा तेव्हाचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं. त्यामुळे फराळ करायच्या आधीच त्या देशाचे नियम बघा आणि घरच्या गोडा मसाल्यात खसखस आहे का तेही विचारा, आमच्या मसाल्यात होती, तोही घरीच राहिला. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या, कोडीनवालं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी तर दुबईला असंच नेऊ नका, आधी परवानगी लागते.

आता पैशांचं. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डं फक्त देशातच चालतील अशी मिळतात, त्यामुळे बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन इंटरनॅशनल वापर आपणच चालू करायचा, लिमिटही तिथेच लावायची. तिकडे एका दुकानात कार्ड लावल्यावर मशीनवर दोन बटणं आली, सिंगापूर डॉलर की रुपये. बाबा म्हणाले रुपये दाब, आपल्याला हिशोब कळेल, आणि मी दाबलं. रात्री ताईने पावती बघितली तेव्हा लक्षात आलं की रेट बाजारभावापेक्षा बराच महाग लागलाय, कारण रुपये निवडले की रेट मशीनवाले ठरवतात. नेहमी तिथलंच चलन दाबा, मग बँक आपला चार्ज घेते तेवढाच.

आपलं सिम फोनमधून काढू नका!! आम्ही काढून तिथलं टाकलं आणि बँकेचा ओटीपी येईना, बाबांचं पेमेंट दोन तास अडकून बसलं. आपलं सिम रोमिंगवर एसएमएसपुरतं चालू ठेवा आणि डेटासाठी फोनमध्ये ई-सिम (कार्ड न टाकता फोनमध्येच चालू होणारं सिम) चालत असेल तर ते घ्या.

तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं. आईच्या पासपोर्टवर तिच्या नावापुढे बाबांचंही नाव आहे, एजंटने तेच गाळलं होतं, नशीब आठवडाभर आधी बघितलं. पासपोर्टची मुदतही सहा महिने शिल्लक आहे ना बघा, नसेल तर आधी वागळे इस्टेटला पासपोर्ट ऑफिस गाठा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे तिथे प्रवेश करण्यासाठी भरायचा ऑनलाइन फॉर्म, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी साइटवर फुकट भरता येतं, सर्चमध्ये वर येणाऱ्या भलत्या साइट त्याचे पैसे मागतात, तिकडे फिरकू नका.

पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकायची नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची. सिंगापूरला तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, अ‍ॅडाप्टर स्टेशनरोडला घेऊन ठेवा, दोन घ्या.

आणि आईबाबांच्या खिशात एका कागदावर मुक्कामाचा पत्ता, आपला तिथला नंबर आणि पासपोर्टची झेरॉक्स ठेवा, फोन बंद पडला तरी तो कागद कोणालाही दाखवता येतो.