चढावर अडकलेली डर्ट बाईक खाली कशी आणावी

इंदूरहून निघून महू ओलांडलं की जानापाव, चोरल, पातालपाणी हा विंध्याचा काठ सुरू होतो. खाली काळा बसाल्ट, वर मुरूम आणि मुठीएवढे सुटे दगड. नव्या पोरांना इथे एकच सल्ला मिळतो: रेस सोडू नका, गाडी आपोआप चढते. प्रत्येक वेळी नाही चढत. आणि अर्ध्या चढावर ती थांबली की पुढे काय करायचं, हे कुणीच सांगत नाही. ते आधी शिका, मग चढा.

हेल्मेट, बूट, गुडघ्यांचे गार्ड आहेत आणि सोबत कुणीतरी आहे, असं धरून चालते. ट्यूबच्या टायरमधली हवा साधारण १८–२० पीएसआयपर्यंत उतरवा. त्याहून कमी केलीत तर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते. पावसाळ्यात जाऊ नका, काळी माती मडगार्डखाली भरून चाक जाम करते. वनखात्याच्या हद्दीत परवानगी विचारा, आणि महूकडे लष्कराच्या फायरिंग रेंजची पाटी दिसली की मागे फिरा.

चढताना: वाट खालूनच ठरवायची, दुसरा गिअर, फूटरेस्टवर उभं राहून छाती हँडलकडे, नजर वर.

आता खरा प्रश्न. मला सर्वांत जास्त वेळ इथेच लागला. गाडीचा जोर संपतोय असं वाटलं की घाबरून क्लच ओढला जातो. क्लच ओढलात की मागचं चाक मोकळं सुटतं आणि गाडी तुम्हाला घेऊन उलटी घसरते. मग सगळे पुढचा ब्रेक आवळतात. तो तिथे कुचकामी आहे, कारण चढावर बहुतेक वजन मागच्या चाकावर असतं; पुढचं चाक लॉक होऊनही दगडांवरून मागे सरकत राहतं. म्हणून गिअर तसाच ठेवा, क्लच सोडून द्या आणि इंजिन बंद पडू द्या. बंद इंजिनच मागचं चाक धरून ठेवतं. पाय टेका, श्वास घ्या, किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद ठेवायचं बटण) बंद करा. घाई करायचं काही कारण नाही, गाडी जागेवर उभी आहे.

मग डावीकडे उतरा. डावीकडून दोन्ही हात क्लचला आणि पुढच्या ब्रेकला पोचतात, म्हणून हीच बाजू. हँडल पूर्ण डावीकडे वळवा. क्लच थोडा दाबा, गाडी वीतभर मागे सरकली की लगेच सोडा. परत दाबा, परत सोडा. क्लच हाच इथे तुमचा मागचा ब्रेक. मागचं चाक डावीकडे खाली जातं, तोंड उजवीकडे फिरतं, आणि काही वेळातच गाडी उताराला आडवी होते. तुम्ही वरच्या बाजूला, गाडी तुमच्या अंगाकडे कललेली.

गाडीच्या खालच्या बाजूला कधीही उभं राहू नका. मदतीला आलेल्या मित्रालाही राहू देऊ नका, तो कितीही ताकदीचा असो. गाडी निसटायला लागली तर सोडून द्या. हँडल वाकलं तर बदलता येतं. दगड फारच सुटे असतील आणि लॉक झालेलं मागचं चाकही घसरत असेल, तर गाडी वरच्या अंगाला आडवी निजवा आणि पुढचं चाक धरून उताराकडे ओढून फिरवा.

आडवी झाली की हँडल उजवीकडे, वरच्या बाजूनेच बसा, इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच सोडलेला, ढुंगण मागे, आणि इंजिनच चाकाला आवरेल असं सावकाश खाली.

हे सगळं आधी एखाद्या छोट्या, गवताळ उतारावर करून पाहा, ज्याच्या पायथ्याशी सपाट जागा असेल. खाली आल्यावर क्लच जळल्याचा वास येत असेल तर गाडी थंड होऊ द्या आणि तोवर पायी वर जाऊन दुसरी वाट शोधा.