प्रौढ स्त्रीमधील एडीएचडी: ओळखावा कसा आणि तिला उपचारांपर्यंत न्यावे कसे

एडीएचडी (अवधान न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) म्हटले की वर्गात एका जागी न बसणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो, आणि म्हणूनच खिडकीबाहेर पाहत गप्प बसलेली मुलगी कुणाच्या नजरेत भरत नाही. मुलींमध्ये बहुधा अवधान न टिकण्याचा भाग ठळक असतो; चंचलता असली तरी ती अखंड चाललेल्या विचारांच्या रूपाने मनातच राहते. अशी मुलगी लहानपणी 'वेंधळी' ठरते, लग्नानंतर 'आळशी', आणि चाळिशीपर्यंत तिलाही तेच खरे वाटू लागते. आपल्या बहिणीबद्दल, बायकोबद्दल किंवा मैत्रिणीबद्दल अशी शंका असेल, तर आधी तिला साधा दिवस निभावून नेण्यासाठी किती कष्ट पडतात ते पाहावे. पणजीला नोकरीला जाणारी स्त्री बस चुकू नये म्हणून तीन गजर लावते, फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवते, राहिलेल्या फाइली रात्री जागून पुऱ्या करते. बाहेरच्यांना ती व्यवस्थित दिसते आणि घरी आल्यावर गळून जाते.

घरच्यांचा यावर एक हमखास आक्षेप असतो: चतुर्थीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारातून माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे) सगळे सामान जी न विसरता आणते, ती विजेचे बिल तीन महिने खणात कशी ठेवते? या विकारात लक्ष नाहीसे होत नाही, ते हवे तिथे वळवता येत नाही. जिथे गोडी आहे किंवा मुदत अगदी डोक्यावर आली आहे तिथे ते घट्ट बसते, आणि नीरस कामावरून निसटते.

निदानाचे निकष मात्र काटेकोर आहेत. 2013 पासून प्रचलित असलेल्या डीएसएम-5 या अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या नियमावलीनुसार प्रौढ व्यक्तीत अवधान न टिकण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी किमान पाच लक्षणे निदान सहा महिने, घर आणि नोकरी अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांतील काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीही असावी लागतात. म्हणून शाळेची जुनी प्रगतिपुस्तके शोधावीत; 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' हा शेरा डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतो. आई किंवा मावशी असल्यास त्यांना लहानपणाविषयी विचारावे. पाळीपूर्वीच्या दिवसांत किंवा रजोनिवृत्तीच्या सुमारास त्रास वाढतो का, याचीही नोंद ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची अठरा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिचे पहिले सहा प्रश्न चाळणीसाठी असतात, तेवढ्यावर निदान होत नाही. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, अपुरी झोप, चिंता आणि नैराश्य यांतही लक्ष उडते, आणि यांपैकी काही एडीएचडीसोबतही असू शकतात. अनेक स्त्रियांवर वर्षानुवर्षे केवळ नैराश्याचे उपचार होत राहतात ते यामुळेच.

तिच्याशी बोलताना भांडणाची वेळ टाळावी. 'तुला एडीएचडीच आहे' हे वाक्य आरोपासारखे लागते; 'तू किती दमतेस ते मला दिसते, एकदा डॉक्टरांना विचारूया का?' असे म्हटले तर ती ऐकून घेते. होकार मिळाल्यावर फोन करणे, तारीख घेणे आणि सोबत जाणे ही कामे, तिची हरकत नसेल तर, आपण उचलावीत, कारण तिचे नेमके याच कामांशी अडते.

गोव्यात बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था हे यासाठी सरकारी ठिकाण आहे. या संस्थेचे नाव निघताच काही घरांत आठ्या पडतात. अशा वेळी 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हे सांगावे. आधी फोनवर बोलायचे असल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे. निदान मानसोपचारतज्ज्ञाकडून करून घ्यावे, कारण औषधेही बहुधा तेच लिहून देतात. मेथिलफेनिडेट किंवा अॅटोमॉक्सेटिन ही एडीएचडीवरची औषधे सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, नाडी आणि हृदयविकाराचा इतिहास पाहिला जातो; गर्भधारणेचा विचार असल्यास तसे आधीच सांगावे. मात्रा हळूहळू वाढवतात आणि ती बसायला काही आठवडे लागतात. सोबत वर्तनोपचार घेतल्यास दिवसाची घडी बसवायला मदत होते. पुढच्या भेटीची तारीख तिच्या फोनमध्ये आणि आपल्याही फोनमध्ये, दवाखान्यातून बाहेर पडण्याआधीच, नोंदवून ठेवावी.