खाऱ्या पाण्याच्या टँकमधले परजीवी परत परत येतात? या चुका टाळा

माशाच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले की लगेच धावपळ सुरू होते, मिळेल ती बाटली आणायची, टँकमध्ये ओतायची, आणि चार-पाच दिवसांत ठिपके गायब झाले की वाटतं चला, सुटलो. इथेच सगळे फसतात. बाकीच्या निम्म्या चुका याच एका गैरसमजातून होतात म्हणून आधी तोच नीट समजून घ्या.

हे ठिपके करणारा परजीवी मरीन इच, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, माशाच्या अंगावर साधारण ३ ते ७ दिवसच राहतो. पोट भरलं की आपणहून सुटतो, बहुतेक वेळा अंधारात, मग दगडावर, वाळूत, काचेवर कुठेतरी चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत त्याचे तुकडे पडत जातात. त्या एका कवचातून शेकड्यांनी नवे जीव बाहेर पडतात आणि पोहत पोहत मासा शोधतात. म्हणजे तुम्ही बाटली ओतली काय नि नाही ओतली काय, ठिपके त्या आठवड्यात जाणारच होते! श्रेय मात्र बाटलीला मिळतं. आठ-पंधरा दिवसांनी ठिपके परत येतात आणि आधीपेक्षा जास्त येतात. कधी कधी परत दिसतही नाहीत, कारण वाचलेल्या माशात थोडी प्रतिकारशक्ती तयार होते, पण थोडेसे परजीवी कल्ल्यांमध्ये चालूच राहतात जिथे तुम्हाला ते दिसत नाहीत. मग एखादा नवीन मासा आणला किंवा हीटर बिघडून पाणी गार झालं की सगळ्या टँकमध्ये एकदम पसरतात.

म्हणून नुसत्या माशावर उपचार करून काही होत नाही, टँकसुद्धा रिकामा ठेवावा लागतो. सगळे मासे वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्ये काढायचे, तिथे औषध द्यायचं, आणि मेन टँक माशांशिवाय ७६ दिवस चालू ठेवायचा. इतके दिवस का, तर काही कवचं ७२ दिवसांपर्यंत टिकून मग फुटल्याची नोंद आहे. सगळे मासे म्हणजे खरंच सगळे. "तो मँडरिन पकडायला सापडत नाही आणि त्याच्या अंगावर तर काहीच नाही" असं बरेच जण म्हणतात. मँडरिनच्या अंगावर चिकट थर जाड असतो म्हणून त्याच्यावर ठिपके सहसा दिसत नाहीत, पण तो एकटा आत राहिला तरी परजीवीची सोय होऊ शकते आणि तुमचे अडीच महिने वाया जातात. दगड बाहेर काढावे लागले तरी काढा पण मासा ठेवू नका.

दुसरी चूक, रोग न ओळखता औषध सुरू करणं. इच असेल तर विचार करायला थोडा वेळ असतो. वेल्वेट (अमायलूडिनियम, हा दुसरा परजीवी) असेल तर नसतो. वेल्वेट आधी कल्ल्यांवर बसतो त्यामुळे सुरुवातीला अंगावर काही दिसतच नाही, मासा फक्त जोरजोरात श्वास घेतो, लाइट टाळतो आणि पंपाच्या धारेसमोर तोंड करून उभा राहतो. अंगावर बारीक सोनेरी-करडी भुकटी दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो, दोन-चार दिवसांत टँकमधले सगळे मासे मरू शकतात. अशी लक्षणं दिसली तर "उद्या बघू" म्हणू नका, त्याच दिवशी मासे हलवा. क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरट चिकट पापुद्रे सुटत असतील तर तो बहुतेक ब्रुकलिनेला नावाचा परजीवी, त्यावर कॉपर (तांब्याचं औषध) भरवशाचं नाही, फॉर्मेलिनचा बाथ लागतो, तोही हातमोजे घालून आणि खिडक्या उघडून.

आणि फ्लूक्स. हे बारीक चपटे कृमी असतात, अंगावर जवळजवळ पारदर्शक, म्हणून दिसत नाहीत. मासा दगडाला अंग घासतो, मान झटकतो, डोळा धुरकट होतो, एवढंच कळतं. खात्री करायची असेल तर गोड्या पाण्याचा डिप द्या. क्लोरीन नसलेलं पाणी, तापमान आणि पीएच टँकच्या पाण्याला अगदी जुळवलेलं, एअरस्टोन चालू, आणि भांडं गडद रंगाचं. मासा ५ मिनिटं आत ठेवायचा आणि समोरून हलायचं नाही, फार तडफडला किंवा पूर्ण गळून गेला तर आधीच काढायचा. फ्लूक्स असतील तर पारदर्शक होते ते पांढरे पडतात आणि काळ्या तळावर काही मिलिमीटरचे चपटे कण जमलेले स्पष्ट दिसतात. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की शंकाच उरत नाही. पण डिपने फ्लूक्स पूर्ण जात नाहीत, त्यासाठी प्रॅझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध लागतं, आणि ते अंड्यांवर चालत नाही म्हणून ५ ते ७ दिवसांनी दुसरा डोस द्यावाच लागतो. मासे छान दिसतायत म्हणून दुसरा डोस टाळणारेच महिन्याभराने परत विचारत येतात.

आता कॉपर. इच आणि वेल्वेट दोन्हींवर चालतं, पण चुकाही यातच सगळ्यात जास्त. मेन टँकमध्ये कॉपर कधीच टाकू नका, कोरल, कोळंबी, गोगलगायी मरतात, शिवाय दगड आणि वाळू ते शोषून घेतात त्यामुळे पाण्यातली पातळी टिकत नाही. क्वारंटाइनमध्येही वाळू-दगड नको, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरे. पातळी कुठली ठेवायची हे कॉपरच्या प्रकारावर ठरतं, चिलेटेड (दुसऱ्या रेणूला बांधलेलं) असेल तर साधारण २.० ते २.५ पीपीएम, आणि आयोनिक (मोकळं) असेल तर ०.२ च्या आसपास, म्हणजे एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एकतर मासे मरतील किंवा परजीवी मजेत राहतील. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा आणि त्याच प्रकारचं कॉपर मोजणारं टेस्ट किट घ्या. पातळी दोन दिवसांत हळूहळू चढवा. "मासे नाजूक आहेत, अर्धाच डोस ठेवू" हा दयाळूपणा उपयोगाचा नाही, अर्ध्या डोसचा त्रास माशाला होतो, परजीवीला होत नाही. दिवस मोजायला सुरुवात पातळी पूर्ण झाल्यापासून, ३० दिवस, आणि मध्ये पाणी बदललं तर नवीन पाण्यातही तेवढंच कॉपर. पातळी खाली गेली तर मोजणी पहिल्यापासून.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कॉपर चालू असताना अमोनिया बांधून ठेवणारी कंडिशनर्स टाकू नका, त्यातली बरीचशी कॉपरला जास्त विषारी रूपात बदलतात. आणि अमोनिया तर वाढणारच आहे, कारण क्वारंटाइन टँक घाईत उभा केलेला असतो, त्यात बॅक्टेरिया नसतात. "कॉपरने मासे मेले" असं जे ऐकू येतं त्यात बऱ्याचदा मारणारा अमोनिया असतो. संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) एक जादा स्पंज फिल्टर कायम टाकून ठेवा, वेळ आली की तोच उचलून लावता येतो. तोवर रोज टेस्ट करा आणि पाणी बदला.

कॉपर नको असेल तर हायपोसॅलिनिटी आहे, म्हणजे क्वारंटाइनमधल्या पाण्याचा खारटपणा कमी करून १.००९ (विशिष्ट गुरुत्व) वर ३० दिवस ठेवायचा. पण १.०१२ वर ठेवून "हायपो केलं, चाललं नाही" म्हणायचं नाही. काट्याच्या हायड्रोमीटरवर विसंबू नका, रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून प्रकाश वाकवून खारटपणा दाखवणारं यंत्र) घ्या आणि तो कॅलिब्रेट करा. वेल्वेटवर मात्र हायपो चालत नाही.

लसूण, क्लीनर श्रिंप, तापमान वाढवणं, रीफ-सेफ (कोरलला चालतात म्हणून विकली जाणारी) औषधं, यातल्या कशानेच इच जात नाही. तापमानाची युक्ती गोड्या पाण्यातल्या इचची आहे, तो वेगळाच जीव, इथे उलट पाण्यातला ऑक्सिजन कमी होऊन मासा अजून धापा टाकतो. यूव्ही दिव्याने पाण्यातले काही मरतात, मदत म्हणून ठीक.

टँक रिकामा असताना त्यात नवीन कोरल किंवा गोगलगाय टाकली तर ७६ दिवस पुन्हा पहिल्यापासून, कारण कवचं कोरलच्या प्लगवर (ज्या छोट्या बैठकीवर कोरल चिकटवलेलं असतं) आणि शंखावर चिकटून येतात. दोन्ही टँकला एकच जाळी वापरू नका, ओला हात एकातून दुसऱ्यात घालू नका. रिकाम्या टँकमध्ये खाणंच पडलं नाही तर नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर जाऊन कोरल फिके पडतात, म्हणून अधूनमधून चिमूटभर खाणं टाकत राहा, त्यावर बॅक्टेरियाही तग धरतात. तरी मासे परत सोडताना सगळे एकाच दिवशी सोडू नका, दोन-तीन करून सोडा, आणि पहिला आठवडा खाणं कमी ठेवून अमोनिया बघत राहा.